अजमान सुटल्यावर बोलायची भाषा

ब्रीज,

तुझ्या मुलाचा ई-मेल बुधवारी आला. चार ओळींचा, इंग्रजीत. तू रविवारी गेलीस, त्रास झाला नाही, आणि आई तुमच्याबद्दल नेहमी बोलायची, एवढंच. वाचून झाल्यावर मला आधी काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, भाजी चिरताना. आधी आला तो एक मोठा श्वास, की आता हिला कधीच कळणार नाही. त्या श्वासानं मी इतकी घाबरले की खुर्ची सोडून उभी राहिले.

तुला 'तू' म्हणते आहे. मराठीत हे शोभत नाही. तू माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, आणि उम्म अल कुवैनच्या त्या रंगाच्या कारखान्यात लॅबची मुख्य. मी नुसती सेक्रेटरी. सगळे तुला ब्रिजेट मॅडम म्हणायचे. पण तूच मला सांगितलं होतंस की आयरिशमध्ये समोर एकटं माणूस असलं की 'तू'च म्हणायचं, मग तो पाद्री असो नाहीतर मांजर. आपलं सगळं बोलणं त्या भाषेत झालं, तेव्हा आता तुम्ही-आम्ही करायला गेले तर ते दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखं होईल.

पहिल्यांदा मी ती भाषा ऐकली तेव्हा मला ती अरबीच वाटली होती. मी सह्यांची फाईल घेऊन लॅबमध्ये आले होते. तू काचेच्या नळ्या पुसत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होतीस. कुणाशी बोलता, म्हणून मी विचारलं. तू दचकलीस, कान लाल झाले तुझे. मग म्हणालीस, कुणाशीच नाही, तीच तर अडचण आहे.

तुझी आई त्या वर्षी गेली होती. तोवर दर शुक्रवारी तू तिला फोन करायचीस, आणि आठवड्यातलं तेवढंच तुझं बोलणं आपल्या भाषेत व्हायचं. ती गेल्यावर तेही थांबलं. एक दिवस तुला 'अंगठा' हा शब्द आठवेना. आयुष्यभर ज्या बोटाला ज्या नावानं ओळखलं ते नावच जागेवर नव्हतं. तू दिवसभर त्या बोटाकडे बघत बसलीस आणि संध्याकाळी न राहवून गावच्या शेजारणीला फोन लावलास. ओरडोग. शब्द मिळाला, पण धास्ती गेली नाही. "आज अंगठा गेला, उद्या काय जाईल?" असं तू मला विचारलंस. तुझ्या आवाजातली ती भीती मला ओळखीची होती. तिचं कारण मात्र मला कधी सुचलं नसतं. मी व्हिसाला घाबरायची, जनरल मॅनेजरला, म्हणजे जीएमला घाबरायची, लिफ्टला घाबरायची. भाषेला घाबरणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणून तू मला शिकवायला घेतलंस. माझ्यासाठी नव्हे, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. विहीर आटू नये म्हणून उपसत राहतात, तसं होतं ते. आपण दोघी शारजाहला एकाच गल्लीत राहायचो आणि कंपनीच्या एकाच व्हॅननं जायचो. तुझा नियम होता, वाटेतलं अजमान सुटेपर्यंत इंग्रजी, अजमान सुटलं की आयरिश. डाव्या हाताला खाडीचं पाणी, उजव्या हाताला वाळू, आणि मधे मी, तोंड वेडंवाकडं करत घशातून आवाज काढणारी. पुढे बसणारे ते दोघे मल्याळी अकाउंटंट कितीतरी दिवस समजत होते की मी मोरोक्कोची अरबी शिकते आहे.

मला ती लवकर आली, त्यात माझी हुशारी नव्हती. तुमच्या भाषेत 'हो' आणि 'नाही' यांना वेगळे शब्द नाहीत, हे तू जगावेगळं काही सांगितल्यासारखं सांगितलंस. "जेवलीस का?" तर "जेवले." "येतेस का?" तर "येते." क्रियापदच परत म्हणायचं. मी म्हटलं, अगं, आम्ही रोज हेच करतो. पुस्तक माझ्यापाशी आहे, हेही तुम्ही जसंच्या तसं म्हणता. फक्त 'आहे' आधी येतं. मग तू भावनांचं सांगितलंस. तुमच्याकडे भूक, दुःख, लाज, सगळं माणसाच्या अंगावर येऊन बसतं. ता फाचीस ओरम. आहे भीती माझ्यावर. मी ते वाक्य पहिल्याच दिवशी पाठ केलं. मला तेच सगळ्यात जास्त लागणार होतं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. तू विचारलंस, घरी तुझी आई तुला जेवायला कुठल्या भाषेत हाक मारायची? मी मराठीत, असं सांगितलं. ते खरं नव्हतं. आम्ही वसईचे कुपारी ख्रिस्ती, घरात आमची कादोडी बोली बोलतो. शाळेत ती बोललं की मुंबईच्या बाई हसायच्या, म्हणून मी ती गिळली होती. तुला ते एका आठवड्यात कळलं आणि तू माझ्या मागेच लागलीस. तुझ्या लेकीशी, शेरलशी कादोडी बोल. ती सहा वर्षांची आहे, आत्ता नाही तर कधी? शेरल तर मराठीलासुद्धा इंग्रजीत उत्तर द्यायची. मी म्हटलं, तिला इथल्या शाळेत निभावायचंय. तू म्हणालीस, माझी आई हेच म्हणायची. त्यावर मी जे बोलले ते आजही टोचतं. "तुझ्या मुलाला तरी कुठे येते तुझी भाषा?"

अजमान सुटलेलं होतं, म्हणजे मी हे आयरिशमध्येच म्हणाले होते. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. व्हॅन कारखान्यात शिरल्यावर म्हणालीस, व्याकरण बरोबर होतं.

मी माफी मागितली नाही. मागेन मागेन म्हणत राहिले, आणि मग आग लागली.

मिक्सिंग शेडचा मोठा एक्झॉस्ट पंखा उन्हाळ्यापासून बंद होता. थिनरची वाफ शेडमध्ये कोंडून राहते, ठिणगी पडली तर माणसं जळतील, असे तीन मेमो तू दिले होतेस. तिन्ही मीच टाईप केले आणि तिन्हींची नोंद आवक रजिस्टरमध्ये माझ्याच हातानं केली. जीएम प्रत्येक वेळी म्हणायचे, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. त्या दुपारी हनीफभाई ड्रमाचं झाकण काढत होते. खेडकडचे, पन्नाशीचे, कारखान्यात माझ्याशी मराठीत बोलणारे ते एकटेच. मला ताई म्हणायचे. आग दहा मिनिटांत विझली, पण त्यांचे दोन्ही हात आणि मान भाजली. त्यांना गाडीत घालताना मी दारात उभी होते. ते ओरडत नव्हते. हात पुढे धरून, कुणाचे तरी सांभाळायला घेतल्यासारखे, ते त्या हातांकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी जीएमनी आपल्या दोघींना आत बोलावलं. तुला आठवत असेल, चहा मागवला होता. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की कामगारांना सुरक्षेचं ट्रेनिंग दिलं होतं, हातमोजे दिले होते, आणि त्या वेळी मी हजर होते. तारीख आगीच्या आधीची. माझ्या सहीखाली तुझी सही हवी होती. चौकशीची माणसं आठवड्यात येणार होती.

त्या खोलीत बोलायची सोय नव्हती. जीएमना इंग्रजी यायचं, हिंदी यायचं, मल्याळम आणि कामापुरतं अरबीही. माझा पासपोर्ट त्यांच्याच मागच्या लोखंडी कपाटात होता, सगळ्यांचेच असायचे. ते गोड आवाजात म्हणाले, "लीना, तुमची मुलगी इथेच शाळेत आहे ना? कितवीत गेली?"

मी पेन उचललं.

तू कपात साखर ढवळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ना शीनी." सही करू नकोस.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ता फाचीस ओरम."

"ओरमसा फ्रेशिन," तू म्हणालीस. माझ्यावरही आहे.

जीएमनी विचारलं, काय बोलणं चाललंय. तू इंग्रजीत सांगितलंस की चहा गार झाला असं आम्ही म्हणतोय. त्यांनी खरंच दुसरा चहा मागवला. तुझ्या चमच्याची कपावर किणकिण होत होती, थांबत नव्हती, तेव्हा मला कळलं की तू मला धीर द्यायला तसं म्हणाली नव्हतीस. तुझ्यावर खरंच भीती होती. का कोण जाणे, त्यानंच माझ्या अंगात बळ आलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, सर, मी त्या ट्रेनिंगला नव्हते. मला सही करता येणार नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अंतोन हॉटेलच्या ड्यूटीवरून आला की मी आधी नवऱ्याचा चेहरा बघायची, याला कुणी काही बोललं तर नाही ना. चौकशीची माणसं आली तेव्हा तू तुझ्याजवळच्या तिन्ही मेमोंच्या कॉपी त्यांच्या हातात ठेवल्यास. प्रत्येक कॉपीच्या तळाशी टाईप करणारीच्या नावाची आद्याक्षरं असतात, माझीही होती. तू ती कात्रीनं कापून टाकली होतीस. कुणी टाईप केले, असं विचारलं तर म्हणालीस, मीच. तुला दोन बोटांनीसुद्धा धड टाईप करता येत नव्हतं, हे अख्ख्या ऑफिसला माहीत होतं.

तुझा व्हिसा कॅन्सल झाला. महिन्याच्या आत देश सोडायचा होता. ऑफिसात पाऊल टाकायला बंदी.

जाण्याच्या आदल्या दिवशी तू माझ्या घरी आलीस. जीएमचा ड्रायव्हर समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. मी दार अर्धंच उघडलं, ब्रीज. तुला आत ये म्हटलं नाही. ज्या बाईनं माझी अक्षरं कापून मला वाचवलं, तिला मी जिन्यात उभं ठेवलं. तू ते पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं केलंस. आयरिशमध्ये म्हणालीस, तू सही केली नाहीस, मला तेवढं पुरे आहे. एअरपोर्टवर मी आले नाही.

आता यापुढचं तुला माहीत नाही.

तू देश सोडल्यावर अकरा दिवसांनी जीएमनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी कागद नव्हता. टेबलावर माझा पासपोर्ट होता आणि शेजारी एक कोरं रजिस्टर. ते म्हणाले, "हा घ्या, आजच जायचं असेल तर जा. राहायचं असेल तर हे भरून द्या." आवक रजिस्टर नव्यानं लिहायचं होतं, वर्षभराचं, माझ्या अक्षरात, तुझे तीन मेमो सोडून. मी अंतोनला फोन करायला म्हणून बाहेर आले आणि न करताच परत गेले. केला असता तर तो काय म्हणाला असता, ते मला ऐकायचं नव्हतं.

दोन दुपारी लागल्या. मीटिंग रूममध्ये बसून मी तीन वेगवेगळी पेनं वापरली, एकाच दिवशी लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून. ते मला कुणी सुचवलं नव्हतं. मलाच सुचलं. शेवटी एक ओळ होती, असे कोणतेही मेमो या ऑफिसला मिळालेले नाहीत. त्याखाली मी सही केली.

चौकशीपुढे मग दोन गोष्टी झाल्या. एक तुझी, कामावरून काढलेल्या बाईची. आणि एक रजिस्टरची. प्रकरण कसं मिटलं ते मला कुणी सांगितलं नाही. पट्ट्या निघाल्यावर हनीफभाईंना गावी पाठवायचं ठरलं, एवढं कळलं, कारण त्यांचे जायचे कागद मीच केले. ते घ्यायला ते ऑफिसात आले. बोटं वळत नव्हती. पाकीट त्यांनी दोन तळव्यांमध्ये धरलं, प्रसाद घेतात तसं, आणि म्हणाले, "ताई, तुम्ही होतात म्हणून कागद लवकर झाले." मी हसले. ते हसू अजून माझ्या तोंडावर कुठेतरी आहे, मला आरशात दिसतं.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. अंतोननं मला आपल्या व्हिसावर घेतलं, पासपोर्ट आता माझ्या कपाटात असतो. भीती मात्र कंपनीच्या कपाटातून सुटून आली नाही. तू दर शुक्रवारी फोन करायचीस, आम्ही चर्चमधल्या मिस्साहून परत आलो की. पूर्वी आईला करायचीस त्या वेळेला. आता तुझ्या भोवती सगळे ती भाषा बोलणारे होते, तुला माझी गरज उरली नव्हती, तरी करायचीस. आणि शेजारणी आल्या की त्यांच्या हातात फोन द्यायचीस, म्हणायचीस, ही बघा माझी लीना, हिनं सही केली नाही. त्या बायका मला शाबासकी द्यायच्या. मी त्यांच्याच भाषेत त्यांचे आभार मानायची. माझे उच्चार सुधारल्याचं तू सांगायचीस. ब्रीज, किती आभार मानू तुझे? अख्ख्या अरबस्तानात माझ्याएवढं आयरिश येणारी कादोडी बाई दुसरी नसेल. आणि त्यात मी पाच वर्षं तुझ्याशी खोटं बोलत राहिले.

एकदा फोन ठेवल्यावर शेरलनं विचारलं होतं, "ममा, व्हाय डू यू साऊंड सो स्केअर्ड व्हेन यू टॉक टू हर?" तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. आवाज कळत होता.

तुला पक्षाघाताचा झटका आल्याचं कळलं तेव्हा मी ठरवलं की सांगायचं. तुझ्या मुलानं लिहिलं होतं की तू बोलत नाहीस पण ऐकतेस, फोन तुझ्या कानाशी धरता येईल. मी कागदावर वाक्यं लिहून काढली. 'सही करू नकोस' मधला तो 'श', 'मी सही केली' म्हणताना 'ह' होतो. हीनी मे. स्वयंपाकघरात मी ते मोठ्यानं म्हणून बघितलं. शुक्रवारची वाट बघत होते. शुक्रवार आला आणि मी फोन केला नाही. म्हटलं, आजारी माणसाला कशाला. पुढच्या शुक्रवारी करेन. ती दया नव्हती, तुला सांगायला नको. त्या रविवारी तू गेलीस.

तू रागावली असतीस का, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, तू म्हणाली असतीस की मी तुला जिन्यातच ओळखलं होतं. कधी वाटतं, फोन ठेवून दिला असतास. दोन्हींची मला सारखीच भीती वाटते.

काल दुपारी मी शेरलला समोर बसवलं. आता ती बारा वर्षांची आहे. तिला सगळं सांगितलं, आगीपासून रजिस्टरपर्यंत, आणि कादोडीत सांगितलं. मराठीत शब्द आवरून-सावरून येत होते, इंग्रजीत तर मी टाईपच करू लागले असते. कादोडीत मला लपायला जागा नव्हती. वाटलं होतं तिला निम्मं कळणार नाही. तिनं एकदाही थांबवलं नाही. माझी आई आली की आजी-नात कुठल्या भाषेत बोलतात याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

ती तुझ्याबद्दल काहीतरी विचारेल असं मी धरून होते. ती म्हणाली, "द मॅन. इज ही ओके?"

मला माहीत नाही, मी म्हटलं.

"बट यू मस्ट नो वेअर ही लिव्ह्ज. यू डिड हिज पेपर्स."

गावाचं नाव मला पाठ होतं. अर्थातच पाठ होतं.

संध्याकाळी मी हनीफभाईंना पत्र लिहिलं, मराठीत. अंतोन म्हणाला, खलास झालं ते, कशाला उकरतेस, आपण अजून याच देशात राहतो. त्याचं चुकलं नव्हतं. मी त्यांना लिहिलं की मेमो तीन होते. प्रत्येकात काय होतं, ते लिहिलं. नवं रजिस्टर मी कसं लिहिलं, ते लिहिलं. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा, कुठे सांगायला बोलावलं तर मी येईन, असं लिहिलं. माफ करा, असं लिहून खोडलं, कारण ते त्यांच्यावर आणखी एक काम टाकण्यासारखं होतं.

आज सकाळी शेरलला शाळेच्या बसमध्ये बसवून मी पोस्टात गेले. रांग मोठी होती. दोनदा रांग सोडून दारापर्यंत आले आणि परत गेले. क्लार्कनं विचारलं, साधं की रजिस्टर्ड. मी रजिस्टर्ड म्हटलं. त्यानं पाकीट उलटं करून माझ्याकडे सरकवलं, म्हणाला, इथे पाठवणाऱ्याचं नाव लिहा, पूर्ण, आणि पत्ता. पोचलं नाही तर परत कुणाकडे पाठवायचं?

मागचा माणूस यल्ला यल्ला, लवकर आटपा, करत होता. माझ्या नावाचं पहिलं अक्षर वाकडं आलं. ते तसंच ठेवून मी पुढचं लिहिलं.